रीजंट्स कॅनाल: लिटल व्हेनिस ते किंग्ज क्रॉस

लंडनच्या मध्यवर्ती भागात चढ-उतार जवळपास नसलेली, वाहनांपासून दूर असलेली सलग पायवाट हवी असेल, तर रीजंट्स कालव्याच्या टोपाथला तोड नाही. टोपाथ म्हणजे दोराने नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी कालव्याच्या काठाने बांधलेली वाट. लिटल व्हेनिस ते किंग्ज क्रॉस हे अंतर सुमारे सहा किलोमीटर असून रमतगमत दोन तासांत पार होते.

वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्थानकापासून पाच मिनिटांत कालवा लागतो. पॅडिंग्टनपासून कॅमडेनपर्यंतचा भाग 1816 मध्ये, तर थेम्सवरील लाइमहाउसपर्यंतचा संपूर्ण कालवा 1820 मध्ये खुला झाला. आरंभीचा तुकडा नौकावासीयांसाठी राखीव असल्याने ब्लूमफील्ड रोडनेच चालावे लागते. पुढील मेडा हिल बोगद्यात टोपाथ नाही. पूर्वी येथे घोडे सोडून टेकडीवरून नेले जात आणि खलाशी पाय रेटून नाव पुढे ढकलत. आपणही घोड्यांप्रमाणे वरूनच जावे.

रीजंट्स पार्कच्या उत्तर कडेला मॅकल्सफील्ड पूल आहे. 2 ऑक्टोबर 1874 रोजी पहाटे दारूगोळा नेणाऱ्या ‘टिलबरी’ नावेचा येथे स्फोट झाला व तीन नावाडी ठार झाले. पुलाचे लोखंडी खांब वाचले आणि नव्या पुलासाठी फिरवून पुन्हा बसवले गेले. म्हणून दोरांनी घासून पडलेल्या खाचा त्यांच्या दोन्ही बाजूंना दिसतात. पुढे प्राणिसंग्रहालय लागते.

प्रिमरोझ हिलजवळ टोपाथ सोडून दहा-पंधरा मिनिटे चालल्यास 10, किंग हेन्रीज रोड ही वास्तू येते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ती विकत घेऊन स्मारक केले. मराठी माणसाने हे वळण चुकवू नये. भेटीच्या वेळा मात्र आधी पाहून घ्याव्यात.

कॅमडेनपर्यंत पाण्याची पातळी एकच असते. तेथील हॅम्पस्टेड रोड लॉकपासून कालवा पायरी-पायरीने थेम्सकडे उतरू लागतो. याच परिसरात काठालगत उतरत्या फरशा दिसतात. आगगाडीच्या आवाजाने बुजून पाण्यात पडलेला घोडा बाहेर काढण्यासाठी त्या केलेल्या आहेत. पायाखाली आणखी एक आधुनिक व्यवस्था दडलेली आहे: 1979 मध्ये टोपाथखाली उच्च दाबाच्या वीजवाहिन्या टाकण्यात आल्या, आणि त्यांना थंड ठेवण्याचे काम कालव्याचे पाणी करते.

काठच्या नावांपैकी बऱ्याच नावा ही घरे आहेत. कायमचा धक्का नसलेल्या नावेला 1995 च्या कायद्यानुसार एका जागी सलग चौदा दिवसांपेक्षा अधिक थांबता येत नाही. घरभाड्यांनी गांजलेल्या शहरात हा फिरता संसार अनेकांनी पत्करला आहे. त्यांच्या दारासमोरून जाताना आवाज बेताचा ठेवावा. 2012 पासून कालव्यांची देखभाल ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था करते. 2027 पासून तिचे सरकारी अनुदान वर्षागणिक घटत जाणार आहे. विनामूल्य वाटणारी ही वाट कोणाच्या तरी खर्चावर टिकते, याचे भान चालणाऱ्यालाही असावे.

सेंट पँक्रास लॉकजवळ जुन्या गॅसटाक्यांचे लोखंडी सांगाडे दिसले की शेवट जवळ आला. 1852 चे धान्यकोठार आज सेंट्रल सेंट मार्टिन्स कलामहाविद्यालयाचे घर आहे. त्याच्या पुढ्यातील ग्रॅनरी स्क्वेअरवर, पाण्याला लागून ‘द लायटरमन’ हा पब आहे. थेम्सवर सपाट तळाच्या नावांतून माल वाहणारे ते लायटरमन. बिअर न घेणाऱ्यांनीही संकोच करू नये. चहा-कॉफी मिळते, जेवणही मिळते. किंग्ज क्रॉस स्थानक येथून काही मिनिटांवर आहे.

सायकलस्वारही हीच वाट वापरतात. पुलांखाली ती अरुंद होते, तेव्हा डावी-उजवीकडे पाहून, मुलांचा हात धरून चालावे. पावसानंतर दगडी कडा निसरड्या होतात.