परतणाऱ्या वजनाचा इतिहास

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर उतरलेलं वजन पुन्हा चढणं, ही तक्रार नवी नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केली. पुढे १९८० मध्ये त्यांनीच आतड्याला हात न लावणारी पद्धत आणली: स्टेपल मारून जठराचा छोटा कप्पा करायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची. पण काहींची स्टेपलची ओळ उसवली. काहींना मांस, पाव गिळवेना. आइस्क्रीम आणि मिल्कशेक मात्र पट्टीतून सहज उतरत आणि वजन परत चढे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाने हे आकड्यांत मांडलं. बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन उतरलं. पंधरा वर्षांनी २७ टक्के घट टिकून होती. मेसन यांच्या पट्टीच्या पद्धतीत मात्र ही घट २५ टक्क्यांवरून १८ वर आली.

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला तेच दिसतं. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून बाई दिवसभर गोड चहात खारी बुडवून खाते आणि काटा वाढला की लाजेने तपासणीला येणंच सोडते. लठ्ठपणा हा चिवट आजार आहे, रुग्णाचा गुन्हा नव्हे. आज एंडोस्कोपी, औषधं, गरज पडल्यास दुसरी शस्त्रक्रिया, सगळं उपलब्ध आहे. ताटात आधी डाळ, अंडं, पनीर घ्या, स्नायूंचा व्यायाम करा. आणि वजन वाढलं तर लपू नका, लगेच डॉक्टरांकडे या.