ताजच्या शेजारचा मनोरा : जुन्या वास्तूला नव्याने कसे वाचवले?

१/ नाशिकला समुद्र नाही, गोदावरी आहे. पण नदीकाठच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना एक प्रश्न हमखास पडतो : पडझड झालेला वाडा जपावा, की पाडून नवी इमारत बांधावी? या प्रश्नाचे एक गुंतागुंतीचे उत्तर मुंबईत, अपोलो बंदराच्या काठावर उभे आहे. आजचा थ्रेड ताजमहाल हॉटेलच्या दोन इमारतींविषयी.

२/ ताजचे दार उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे आज आपण ज्या जोडीचे छायाचित्र काढतो, त्यातील हॉटेल हे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी जुने आहे. बोटीने येणाऱ्या प्रवाशाला दोन दशके समोर दिसत असे तो ताजचा लाल घुमट.

३/ जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी ताज बांधले, ही कथा सर्वतोमुखी आहे. इतिहासकार मात्र तिच्याविषयी साशंक आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबईची पत घसरली होती. शहराला पुन्हा उभारी देणारी वास्तू हवी, हा विचारही त्यामागे असावा, असे काही अभ्यासक मानतात.

४/ या वास्तूचे मूळ रचनाकार होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम पूर्णत्वास नेले. मध्यवर्ती जिन्याची रचना बांधकाम पाहणारे खानसाहेब सोराबजी रतनजी यांची. वास्तूचे कौतुक होते, तेव्हा वैद्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

५/ ‘इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला’ ही आणखी एक दंतकथा. मूळ प्रवेशद्वार खरोखरच मागे, शहराच्या बाजूला होते; तेथे आज पोहण्याचा तलाव आहे. पण ती चूक नव्हती. घोडागाड्या शहराकडून येणार आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळणार, असा तो सरळ हिशेब होता.

६/ काळ बदलला तशी वास्तूही बदलत गेली. पहिल्या महायुद्धात येथे ६०० खाटांचे रुग्णालय चालले. पुढे बोटींची जागा विमानांनी घेतली, प्रवासी वाढले, आणि जुन्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या.

७/ मग १९७३ मध्ये शेजारी उंच मनोरा उभा राहिला. त्याचे वास्तुविशारद मेल्टन बेकर. काँक्रीटच्या या आधुनिक इमारतीत कमानींचा वापर आहे, पण जुन्या घुमटाची नक्कल नाही. नवे बांधकाम जुन्याच्या डोक्यावर न चढवता बाजूला ठेवले गेले, ही यातील महत्त्वाची गोष्ट.

८/ याची किंमतही मोजावी लागली. मनोऱ्याच्या जागी पूर्वी ग्रीन्स हॉटेल होते. तीही त्या काठावरची जुनी, देखणी वास्तू. ती पाडली गेली. मुंबईत वारसा वास्तूंसाठीची नियमावली आली १९९५ मध्ये. म्हणजे १९७३ साली ग्रीन्सला वाचवणारा असा नियमच नव्हता. मनोऱ्याने किनाऱ्याची रेषा बिघडवली, ही टीका आजही होते आणि ती निराधार नाही.

९/ पण पुढची घटना पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात माणसे मारली गेली आणि जुन्या महालाचे अतोनात नुकसान झाले. आग, धूर आणि ती आग विझवण्यासाठी मारलेले पाणी, या तिन्हींनी हानी केली. मनोरा मात्र महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ रोजी, पुन्हा सुरू झाला.

१०/ ज्या इमारतीला परकी म्हटले गेले, तिनेच हॉटेल चालू ठेवले आणि जुन्या महालाला दुरुस्तीसाठी वेळ मिळवून दिला. लाकूडकाम, दगड, गिलावा, चित्रे यांचे काम सुमारे वीस महिने चालले. १५ ऑगस्ट २०१० रोजी महाल पुन्हा खुला झाला.

११/ आता वॉटसनकडे वळू. त्या हॉटेलचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून बोटीने आणून जोडले होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्रपट मुंबईत प्रथम दाखवले गेले ते येथेच. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडून कार्यालये आणि बिऱ्हाडे झाली, आणि २००६ साली जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले.

१२/ वॉटसन कोणी पाडले नव्हते. ते नुसते सोडून दिले गेले. ताज टिकले, कारण त्याचा वापर थांबला नाही आणि देखभालीचा खर्च उचलणारे कोणी तरी कायम राहिले. वास्तूचा खरा शत्रू नवेपणा नाही, उपेक्षा आहे.

१३/ तरीही ग्रीन्स विसरता येत नाही. नव्याला जागा देताना काय गमावतो आहोत, याची नोंद आधी व्हायला हवी. गोदाकाठच्या एखाद्या वाड्यासमोर उभे राहाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा : येथे आज कोण राहते? दुरुस्तीचा खर्च कोण करणार? आणि नवे बांधायचेच असेल, तर ते याच्या शेजारी उभे राहील, की याच्या जागी?

थ्रेड समाप्त.