विश्वाचें पोट आणि विश्वाची कड

रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं अलोरे नांवाचें गांव आहे. घाटमाथ्यापलीकडे अडविलेलें कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पोफळीस उतरतें, तेथून कोळकेवाडीच्या जलाशयांत येतें आणि अलोरे येथील वीजगृहांत पुनः एकदां चक्रें फिरवून वाशिष्ठीस मिळतें. या मुलखाच्या भूमीखालीं काय चाललें आहे, हा प्रश्न ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपानें सर्वांच्या तोंडीं आणिला. शास्त्रज्ञांनीं जमिनीवर यंत्रें मांडिलीं आणि धक्क्यांच्या नोंदींवरून खडकांतील भेगांचे अंदाज बांधिले. परंतु वरच्या नोंदींनीं आंतलें सर्व कळेना. म्हणून अर्ध्या शतकानंतर कोयनेच्या परिसरांत सुमारें तीन किलोमीटर खोल विवर पाडून प्रत्यक्ष खडकाची परीक्षा करावी लागली.

पृष्ठावरून पोटाचा अंदाज येतो, पण पोट पुरतें कळत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मात्र कांहीं पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं याच्या अगदीं उलट विधान केलें. अवकाशाच्या एखाद्या भागांत जें जें कांहीं घडूं शकतें, तें सर्व त्या भागाच्या नुसत्या कडेवर, कांहींहि न गळतां, लिहितां येतें, असें तें विधान होय. विश्व हें होलोग्रामासारखें आहे, हें वाक्य अलीकडे पुष्कळदां ऐकूं येतें, त्याचा शास्त्रीय अर्थ एवढाच. हा विचार कोठून निघाला, आपल्या महाराष्ट्राचा त्यांत कोणता वांटा आहे, आणि त्यांतलें सिद्ध किती व असिद्ध किती, हें श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

प्रथम होलोग्राम म्हणजे काय तें पाहूं. ग्रीक भाषेंत ‘होलोस’ म्हणजे समग्र आणि ‘ग्रामा’ म्हणजे लेख. तेव्हां त्यास समग्रलेख म्हणावयास हरकत नाहीं. डेनिस गॅबर या हंगेरींत जन्मलेल्या शास्त्रज्ञास ही युक्ति १९४७ सालीं इंग्लंडांतील रग्बी गांवीं सुचली. विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकांतून दिसणारें चित्र अधिक रेखीव कसें होईल, याच्या तो विवंचनेंत होता. साध्या छायाचित्रांत प्रकाश कोठें किती प्रखर आहे एवढेंच उमटतें; प्रकाशाची लाट तेथें चढती होती कीं उतरती, याची नोंद राहत नाहीं, आणि खोलीचें ज्ञान नेमकें त्या नोंदींत असतें. कोळकेवाडीच्या संथ पाण्यांत दोन खडे टाकले तर दोन्हींचीं वलयें एकमेकांत शिरून कोठें लाट उंचावते, कोठें विरते. त्या नक्षीवरून खडे कोठें पडले तें हिशेब करून सांगतां येईल. गॅबरनें प्रकाशाच्या दोन लाटा अशाच एकमेकींत मिसळून ती नक्षी कांचेवर उतरविण्याची कल्पना मांडिली. १९६० सालीं लेसर किरण साध्य झाल्यावर अमेरिकेंत लीथ व उपातनिएक्स यांनीं आणि रशियांत देनिस्यूक यांनीं ती युक्ति फलद्रूप केली. गॅबर यांस १९७१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज बँकेच्या कार्डावर चमकणारें लहानसें चित्र हें त्याच विद्येचें अपत्य होय.

या समग्रलेखाचे दोन गुण ध्यानांत ठेविले पाहिजेत. पहिला हा कीं, सपाट कांचेवर लांबी, रुंदी व खोली या तिन्ही मिति सांठविल्या जातात. दुसरा असा कीं, कांच फुटली तरी तिच्या तुकड्यांतून, कांहींसें अंधुक व आंखूड दृष्टिक्षेपाचें कां होईना, सबंध चित्र दिसतें. या दोन गुणांवरून दोन निरनिराळे विचार निघाले, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें पुष्कळ घोटाळा माजला आहे.

दुसऱ्या गुणानें मोहून जाणारे पुष्कळ. डेव्हिड बोम या थोर पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९८० सालच्या आपल्या ग्रंथांत विश्वाच्या प्रत्येक अंशांत समग्र विश्व गुंडाळलेलें आहे, असें प्रतिपादन केलें व त्यासाठीं होलोग्रामाचा दृष्टांत घेतला. १९९१ सालीं मायकेल टॅल्बट या लेखकानें त्याच दृष्टांताच्या आधारें मनःसामर्थ्य, चमत्कार व परलोक इतक्या सर्वांची संगति लाविली. आपल्याकडे ‘पिंडीं तें ब्रह्मांडीं’ हें वचन सर्वांच्या ओठीं असल्यामुळें, हें तर आमच्या ऋषिमुनींना ठाऊकच होतें, असें म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु ज्या सिद्धान्ताविषयीं आज बोलावयाचें आहे, तो या वाटेनें आलेलाच नाहीं. तो पहिल्या गुणाशीं निगडित आहे, आणि त्याचा जन्म एका रोकड्या प्रश्नांतून झाला. तो प्रश्न असा : एखाद्या जागेंत जास्तींत जास्त किती मावतें?

कोंकणांत भात सांठविण्याची कणगी असते. तिची उंची व रुंदी दुप्पट केली तर भात आठपट मावेल, आणि ती विणण्यास बांबूच्या कामट्या मात्र चौपटच लागतील. सांठवण घनफळावर अवलंबून असते, पृष्ठफळावर नव्हे, हें कोणीहि शेतकरी सांगेल. भाताऐवजीं ज्ञान, म्हणजे होय-नाहीं अशा उत्तरांच्या नोंदी, सांठवावयाच्या झाल्या तरी नियम हाच असावा असें वाटतें. पण नोंद कशावर तरी करावी लागते, त्या वस्तूस वजन असतें, आणि एकाच जागेंत वजन कोंबीत गेलें तर एक वेळ अशी येते कीं, तिच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानें ती जागा मिटून कृष्णविवर होते, ज्यांतून प्रकाशहि बाहेर पडूं शकत नाहीं. यापुढें त्या जागेंत अधिक कांहीं मावणें नाहीं. म्हणजे कोणत्याहि जागेची अखेरची सांठवण ही तेवढ्या कृष्णविवराची सांठवण होय.

ती किती? १९७२ सालीं प्रिन्स्टन येथील जेकब बेकेन्स्टाइन या तरुण विद्यार्थ्यानें असें सुचविलें कीं, ही सांठवण कृष्णविवराच्या घनफळाच्या नव्हे, तर पृष्ठफळाच्या प्रमाणांत असते. स्टीफन हॉकिंग यांस प्रथम हें रुचलें नाहीं. परंतु १९७४ सालीं कृष्णविवरांतून मंद उष्णता बाहेर पडते हें त्यांच्याच गणितानें दाखविलें, आणि बेकेन्स्टाइनचा सिद्धान्त नेमक्या आंकड्यासह प्रस्थापित झाला. त्या आंकड्याप्रमाणें एक चौरस मीटर पृष्ठावर होय-नाहींच्या नोंदी किती, तर एकावर एकुणसत्तर शून्यें मांडावीं इतक्या. ही संख्या प्रचंड आहे, तरी तिला मर्यादा आहे. आणि मुख्य म्हणजे ती कामट्यांच्या हिशेबानें वाढते, भाताच्या हिशेबानें नव्हे.

यांतून १९९३ सालीं डच शास्त्रज्ञ गेरार्ड ट हूफ्ट यांनीं मोठें अनुमान काढिलें. अवकाशाची सांठवण जर पृष्ठाइतकीच असेल, तर अवकाशाचें वर्णन पृष्ठावरच पुरें होत असलें पाहिजे. तिसरी मिति ही समग्रलेखांतल्या खोलीप्रमाणें त्यांतून उलगडणारी गोष्ट असावी. पाकिस्तानचे नोबेल-विजेते अब्दुस सलाम यांच्या गौरवार्थ इटलींतील त्रिएस्ते येथें भरलेल्या संमेलनासाठीं हा निबंध त्यांनीं लिहिला होता. लिओनार्ड ससकिंड यांनीं पुढें या विचारास तंतुवादाची जोड दिली. १९९७ सालीं अर्जेंटिनाचे हुआन मालदसेना यांनीं त्यास पक्कें गणिती रूप दिलें : एका विशिष्ट वक्र अवकाशांतील गुरुत्वाकर्षणासह सारा व्यवहार, आणि त्या अवकाशाच्या कडेवरील गुरुत्वाकर्षणरहित व्यवहार, हे दोन्ही एकच आहेत. एकच जमाखर्च एका वहींत मोडींत मांडिला आणि दुसरींत बाळबोधींत मांडिला, तर शिल्लक एकच निघावी, तसें हें आहे. कोणती वही मूळ आणि कोणती नक्कल, हा प्रश्नच तेथें उरत नाहीं.

या इतिहासांत मुंबईचें स्थान मोठें आहे. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९९६ सालीं अविनाश धर, गौतम मंडल व स्पेंटा वाडिया यांनीं कृष्णविवर किती शोषून घेतें व किती बाहेर टाकतें, याचें गणित तंतुवादाच्या मार्गानें केलें. अशा गणितांनींच मालदसेना यांच्या सिद्धान्ताची वाट मोकळी झाली. २००१ च्या जानेवारींत तंतुवादाचें जागतिक संमेलन मुंबईस भरलें, त्यास स्वतः हॉकिंग आले होते. २००८ सालीं याच संस्थेंतील शिराझ मिनवाला व सायंतनी भट्टाचार्य यांनीं, वेरोनिका हुबेनी व मुकुंद रंगमणी यांच्यासह, असें दाखविलें कीं, त्या वक्र अवकाशांतील कृष्णविवर हळूहळू हेलावूं लागलें म्हणजे त्याचीं समीकरणें कडेवर वाहत्या द्रवाचीं समीकरणें होऊन उतरतात. वाशिष्ठीच्या पाण्याचा ओघ ज्या जातीच्या गणितानें सांगतात, त्याच जातीचें हें गणित! पुण्याच्या आयुका संस्थेंत थाणू पद्मनाभन् यांनीं २०१२ सालीं याहून वेगळी दिशा धरिली : कडेवरच्या नोंदी व पोटांतल्या नोंदी यांमध्यें जी तफावत असते, ती भरून काढण्यासाठींच विश्वाचें अवकाश प्रसरण पावत असावें, अशी त्यांची उपपत्ति होती. २०२१ सालीं ते निवर्तले.

आणि या कथेंत एक मराठी नांव अगदीं मध्यभागीं आहे. कोल्हापूरकडील ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक श्रीपाद दाभोलकर यांचे चिरंजीव अतीश दाभोलकर यांनीं पृष्ठफळाचा हा नियम अगदीं शेवटच्या आंकड्यापर्यंत खरा ठरतो कीं काय, हें तपासण्याचें व्रत घेतलें. कांहीं कृष्णविवरें अशीं कल्पितां येतात कीं, जुन्या सूत्राप्रमाणें त्यांचें पृष्ठफळ शून्य येतें, आणि आंतल्या अवस्था मोजाव्या तर त्या मात्र पुष्कळ भरतात. २००४ सालीं टाटा संस्थेंत असतांना त्यांनीं दाखविलें कीं, गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रांत सूक्ष्म दुरुस्त्या केल्या म्हणजे दोन्ही हिशेब जुळतात. पुढें २०१२ सालीं समीर मूर्ति व डॉन झागिए यांच्यासह त्यांनीं ही मोजदाद एका अनपेक्षित ठिकाणीं नेऊन पोंचविली. श्रीनिवास रामानुजन् यांनीं १९२० च्या जानेवारींत, मृत्यूपूर्वीं तीन महिने, हार्डी यांस लिहिलेल्या पत्रांत ज्या ‘आभासी थीटा’ श्रेढ्या दिल्या होत्या, त्यांच्याच कुळांतील गणित कृष्णविवरांच्या मोजणींत उपयोगी पडलें. ज्या माणसानें कृष्णविवर हा शब्दहि ऐकिला नव्हता, त्याची रोगशय्येवरील ठेव नव्वद वर्षांनीं अशी कामास आली! २०१९ सालीं दाभोलकर हे सलाम यांनीं स्थापिलेल्या त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले. ज्या गांवीं ट हूफ्ट यांच्या निबंधाचें निमित्त घडलें, तेंच हें गांव.

आतां असिद्ध काय, तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. मालदसेना यांचें अवकाश एका ठराविक वक्रतेचें आहे व त्यास कड आहे. आपलें विश्व वाढत्या वेगानें प्रसरण पावत आहे, असें १९९८ सालच्या वेधांनीं ठरविलें. त्यास तशी कड नाहीं. मग आपल्या विश्वाचा लेख कोठें लिहिलेला असावा, याचें सर्वमान्य उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत ‘होलोमीटर’ नांवाचें यंत्र उभारून अवकाशाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कंपाचा शोध घेण्यांत आला. २०१५ सालीं निष्कर्ष निघाला कीं, तसा कंप दिसत नाहीं. त्यामुळें एक विशिष्ट कल्पना बाद झाली. मूळ सिद्धान्त सिद्धहि झाला नाहीं आणि खोटाहि ठरला नाहीं.

मग या सर्व खटाटोपांत पणास काय लागलें आहे? हॉकिंग यांचा प्रश्न असा होता कीं, कृष्णविवरांत पडलेली वस्तु, त्या विवराबरोबर विरून, तिची नोंदसुद्धां जगांतून कायमची पुसली जाते काय? तसें असेल तर घडलेल्या गोष्टीचा मागमूस निसर्गांतहि राहत नाहीं, आणि कारणावरून कार्य व कार्यावरून कारण सांगण्याची विज्ञानाची प्रतिज्ञा तेथें मोडते. कडेवरचा लेख पूर्ण असेल, तर कांहींच पुसलें जात नाहीं. निदान मालदसेना यांच्या अवकाशांत तरी उत्तर या दुसऱ्या बाजूस झुकतें.

म्हणून ‘पिंडीं तें ब्रह्मांडीं’ या वचनाचा आधार देऊन हा सिद्धान्त आपलासा करण्याची घाई करूं नये. तें वचन साधकाच्या अनुभवाचें आहे, त्याची थोरवी त्याच्या जागीं आहे. प्रत्येक कणांत अवघें विश्व आहे, असें या सिद्धान्तानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. त्याचें म्हणणें मोजमापाचें आहे, आणि मोजमाप चुकलें तर तो टाकून द्यावा लागेल, हेंच त्याचें बळ आहे. अतीश यांचे चुलते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं हीच कसोटी समाजाच्या व्यवहारास लावण्यांत हयात वेंचली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. पूर्वजांना सर्व ठाऊक होतें असें म्हणून अभिमान बाळगणें सोपें आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर व पुण्याच्या टेकडीशीं बसून आपल्याच माणसांनीं एकेक आंकडा जुळविला, त्याचा अभिमान धरावयाचा तर आधीं तो आंकडा समजून घ्यावा लागतो. हा दुसरा अभिमान श्रमाचा खरा, पण कालांतरानें टिकणारा तोच होय.