पावाचा तुकडा आणि फुटलेली यादी

‘ब्रंच’ हा शब्द इन्स्टाग्रामने आणला असं आपल्याला वाटतं, पण तो १८९५ सालचा आहे. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’मध्ये लेख लिहून सुचवलं की रविवारी न्याहारी आणि जेवण एकत्रच करून टाकावं. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला सकाळी लवकर उठायला लागू नये, एवढाच त्याचा मुद्दा.

त्या लेखाच्या पाच वर्षं आधी पुण्यात काही मंडळी चहा-बिस्किटांना बसली होती. त्याचा हिशोब मात्र ती पुढची दोन वर्षं चुकता करत होती.

मी सोलापूरचा. आठवडाभर लॅपटॉपवर कोड, आणि रविवारी अकरा वाजता मित्रांबरोबर बेकरी-कॅफेत. आमच्या टेबलावर पाच जण असतात: एक पद्मशाली, एक लिंगायत, एक मुसलमान, एक बौद्ध, एक मराठा. हे मी या लेखासाठी मुद्दाम मोजलं. एरवी कुणी मोजत नाही, वेटर तर नाहीच. पण हे न मोजणं आपोआप आलेलं नाही, आणि त्याचा इतिहास बराचसा पावाचाच आहे.

पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. १५१० साली गोवा घेतल्यावर त्यांना रोजच्या जेवणात आपला पाव हवा होता. यीस्ट मिळत नव्हतं, म्हणून माडाच्या सुरेने पीठ फुगवलं गेलं. गोव्यात पाववाल्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजच.

हिंदू घरांना या पावात तीन अडचणी होत्या. पीठ परक्याच्या हातच्या पाण्याने मळलेलं, त्यात ताडी, आणि भाजणारा ख्रिस्ती नाहीतर मुसलमान. कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर जातीची पायरी ठरत होती, अशा समाजात पाव खाणं म्हणजे बाटणं. विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. कथा म्हणूनही त्या बोलक्या आहेत. पाण्यात एक तुकडा पडला की सगळं गाव धर्माबाहेर!

हाच तुकडा काही लोकांनी उलटा वापरला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या प्रमुखांपैकी होते. जातिभेद मोडायचा हा हेतू, पण बैठका गुप्त. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्यांचं लॉगिन होतं. शपथ कुणीही घेऊ शकतो, पण पाव गिळल्यावर परत फिरता येत नाही.

मग १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली आणि सभासदांची नावं बाहेर पडली. आम्ही ज्याला डेटा लीक म्हणतो तेच. नाव फुटलं तर घर, लग्नसंबंध, नातीगोती सगळंच धोक्यात. सभा मोडली. दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाज काढला, तेव्हा काम उघडपणे सुरू झालं, पण जरा जपूनच.

आता पुण्याचा चहा. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते. चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता बाजूला ठेवला. हे सगळं घडवून आणलं होतं गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतीने. पुढे त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली.

पुन्हा यादी फुटली, आणि या वेळी ती फोडण्यासाठीच केली होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार पडला. अनेकांच्या घरी धर्मकृत्यांना भटजी मिळेनात. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं. मित्रांच्या घरची कुचंबणा पाहून रानड्यांनीही १८९२ साली घेतलं, आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होऊ घातलेला माणूस एका कप चहापायी अडकला होता.

ही कोंडी फोडायला मोठा हातभार लावला तो धंद्याने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणच्या यज्द आणि केरमान भागातून झरतुष्ट्री माणसं मुंबईत आली. हिंदूंच्या जातींशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या, भट्ट्या पेटवल्या, ब्रून मस्का आणि चहा विकायला सुरुवात केली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. पुण्यात डेक्कनला गुडलक १९३५ साली आलं. सुरुवातीला काही ठिकाणी वेगवेगळ्या धर्मांच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या रंगाचे कप असत असं सांगतात. पण संगमरवरी टेबल एकच होतं, आणि पैसे देईल त्याला तिथे खुर्ची होती.

बाहेर एवढं सोपं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. तो उष्टा होतो, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. विटाळ खाण्यापुरता राहत नाही, तो पगारापर्यंत पोचतो, हे मला या एका गोष्टीतून नीट कळलं.

सोलापूर हे गिरण्यांचंच गाव. जुनी गिरणी १८७७ ची. माझे आजोबा साच्यावर होते. मधल्या सुट्टीत डबे उघडले की माणसं आपापल्या गोटात बसायची, असं ते सांगत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांच्याच. आजीने पाव कधी चुलीपाशी येऊ दिला नाही. ताप आला की दुधात बुडवून चालायचा, तोही बाहेरच्या खोलीत.

याच गावाने मार्शल लॉ पाहिला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आम्ही ही चार नावं शाळेपासून एका दमात म्हणतो. त्या काळच्या रीतीने या चौघांना एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवलं असतं का, हा प्रश्न मात्र आम्हाला कुणी विचारला नाही.

मग आमचं पाच जणांचं टेबल म्हणजे गोष्टीचा शेवट का? मला तसं वाटत नाही. पुण्यात भाड्याने घर शोधताना आमच्यातल्या एकाला आधी आडनाव विचारलं गेलं, मग जागा ‘गेली’. दुसऱ्याचं दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न ठरायची वेळ आली, तेव्हा आमच्याबरोबर आनंदाने केक खाणाऱ्या घरांतही फोन उचलले गेले नाहीत. आणि बेकरीच्या दाराबाहेर ऑर्डरची वाट बघत उभा असलेला डिलिव्हरीवाला आमच्याच वयाचा असतो. त्याला कुणी अडवत नाही, पण आतलं बिल त्याला परवडत नाही.

तरी एक गोष्ट बदलली आहे. परमहंस सभेची यादी चोरावी लागली, पंचहौदची यादी छापून आणावी लागली. आमची यादी आम्हीच स्टोरीवर टाकतो, पाचही नावं टॅग करून, आणि ती पाहून कुणाच्या घरी भटजी यायचा थांबत नाही. बेकरीतलं टेबल इतकं मोकळं व्हायला काही पिढ्या गेल्या. घरातल्या टेबलाचं काम बाकी आहे, आणि ते करायला निदान आता दारं लावून घ्यावी लागत नाहीत.