बंधनमोक्ष

जबलपुरास जाणारा मराठी प्रवासी नर्मदेचा धुवांधार पाहतो, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरतो आणि परततो. उत्तरेस मझौलीची वाट धरणारे थोडे. तेथे विष्णुवराहाचे जुने मंदिर आहे; बुडालेल्या पृथ्वीला वर काढणाऱ्या देवाचे ते स्थान. त्याच बाजूस पुढे, 1998 पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या बहोरीबंदजवळ, रूपनाथ येथे अशोकाचा शिलालेख आहे. प्रयत्नाचे फळ केवळ थोरांनाच लाभते असे नव्हे, लहानासही ते लाभते, असा त्याचा आशय.

याच राजाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी काढलेली एक आज्ञा दिल्ली व प्रयाग येथील स्तंभांवर आहे. तीतील अवध्य प्राण्यांच्या यादीत ‘गंगापुपुटक’ असे नाव येते. तो गंगेतील डॉल्फिन असावा, असे अनेक विद्वान मानतात. लेखाच्या अखेरीस राजा सांगतो, की आजवर आपण पंचवीस वेळा बंदिवानांना मुक्त केले. डॉल्फिनला अभय आणि माणसाला बंधनमोक्ष! मात्र डॉल्फिनच्याच बंधनमोक्षाची मागणी व्हावयास पुढे सुमारे बावीस शतके लोटावी लागली.

1938 साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर समुद्रातून धरलेले डॉल्फिन प्रेक्षकांना दाखविण्यासाठी मोठी जलाशये उघडली गेली. 1964 पासून ‘फ्लिपर’ या दूरचित्रवाणी मालिकेने हा प्राणी घरोघरी पोहोचविला. त्या मालिकेतील डॉल्फिनना शिकविणारा रिक ओबॅरी 1970 साली, त्यांपैकी कॅथी नावाची मादी मृत्यू पावल्यावर, स्वतःच्याच धंद्याविरुद्ध उभा राहिला. त्याचा आक्षेप साधा होता. खेळासाठी डॉल्फिन धरताना नावांनी व जाळ्यांनी सबंध कळप वेढतात, हवे ते जनावर निवडतात आणि आप्तांपासून तोडतात. आवाजाच्या प्रतिध्वनीने जग ओळखणारा हा जीव मग चार भिंतींच्या हौदात उरतो. त्याच्या मुखाची ठेवणच हसऱ्यासारखी असते. त्यामुळे त्याचे दुःख प्रेक्षकास दिसत नाही.

भारतालाही हा मोह झाला. चेन्नईजवळच्या एका उद्यानात 1998 साली बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन थोड्याच महिन्यांत दगावले. तरी पुढे कोची, मुंबई अशा ठिकाणी नवे प्रस्ताव आलेच. 2009 साली गंगेतील डॉल्फिन राष्ट्रीय जलचर ठरला होता. एकीकडे असा मान आणि दुसरीकडे त्याच्याच भाईबंदांसाठी हौद, ही विसंगती प्राणिहितसंस्थांच्या महासंघाने व अनेक सामान्य नागरिकांनी शासनासमोर मांडली. 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळविले, की डॉल्फिनच्या खेळांसाठी अशी जलगृहे उभारण्यास मान्यता देऊ नये. या प्राण्याची बुद्धी पाहता त्याला मनुष्येतर ‘व्यक्ती’ मानावे, हे शास्त्रज्ञांचे मतही त्या पत्रकात नमूद झाले.

सम्राटाची आज्ञा वरून खाली आली होती. ही आज्ञा खालून वर गेलेल्या आर्जवांतून निघाली. पण पत्रक हा शिलालेख नव्हे. ते जनतेच्या स्मरणातच टिकते. लहानांचा प्रयत्न वाया जात नाही, हे रूपनाथचे वचन म्हणूनच आपण विसरता कामा नये.