हार्मोन जातं कुठे? एका साध्या प्रश्नाची गोष्ट

मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं, ‘ईआर पॉझिटिव्ह’. तिनं घाबरून विचारलं, “अगं, पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच ना?” मी म्हणाले, नाही. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, म्हणजे हार्मोन अडवणारं औषध लागू पडण्याची शक्यता चांगली. पण हे आपल्याला कळलं कसं? पेट किंवा नेटची तयारी करताना हा भाग आपण पाठ करतो. आज त्याचा इतिहास पाहू.

१९५८. त्याच वर्षी आपलं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा बहुतेकांना वाटायचं, इस्ट्रोजेन एखाद्या एन्झाइमच्या अभिक्रियेत भाग घेतं आणि स्वतः बदलतं. शिकागोचे एल्वूड जेन्सेन यांनी प्रश्नच बदलला : हे हार्मोन शरीरात जातं कुठे? त्यांनी ट्रिटियम जोडलेलं इस्ट्रॅडिओल वयात न आलेल्या मादी उंदरांना टोचलं. रक्तातून ते ओसरलं, गर्भाशयात मात्र टिकून राहिलं आणि तेही जसंच्या तसं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. व्हिएन्नाच्या परिषदेत हे ऐकायला पाचच जण होते आणि त्यातले तिघे वक्ते, असं जेन्सेन पुढे सांगत. १९६६ मध्ये टॉफ्ट आणि गोर्स्की यांनी ते धरणारं प्रथिन उंदराच्या गर्भाशयातून वेगळं केलं.

पण याचा जीन्सशी काय संबंध? बीएस्सीला कायरोनोमसच्या अळीच्या लाळग्रंथीतली महाकाय गुणसूत्रं तुम्ही पाहिली असतील. १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी अशाच अळ्यांना एक्डायसोन हे स्टेरॉइड टोचलं, तर गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले. ते जीन्स चालू झाल्याची खूण होती.

मग रिसेप्टर नेमकी जागा ओळखतो कशी? ‘रामाला भाला मारा’ आठवतं ना, उलटसुलट सारखंच? ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची डीएनएवरची जागाही साधारण तशीच असते : एजीएएसीए, मध्ये कोणतीही तीन अक्षरं, मग टीजीटीटीसीटी. फरक एवढाच की डीएनएत उलट वाचताना समोरचा धागा वाचायचा, तिथे पुन्हा एजीएएसीए मिळतं. रिसेप्टर जोडीनं येतात आणि एकेक जण अर्धी अर्धी जागा धरतो. प्रत्येकाकडे झिंकच्या आधारानं घडी पडलेली दोन ‘बोटं’ असतात. १९८९ मध्ये दिसलं की पहिल्या बोटाच्या बुडाशी असलेली फक्त तीन अमिनो आम्लं बदलली, की हाच रिसेप्टर इस्ट्रोजेन रिसेप्टरची जागा ओळखू लागतो. १९९१ मध्ये डीएनएवर बसलेल्या जोडीची स्फटिकरचनाही हाती आली.

आता मुंबईत या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं १००० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या जणींना स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ मध्ये निकाल छापून आला : सगळ्यांचा मिळून लक्षणीय फायदा नाही. मात्र रोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेल्यांत पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ६५.३ टक्के, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५४.७. इथे सावध राहा : उपगटातला निकाल पुन्हा तपासल्याशिवाय पक्का धरायचा नसतो.

पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये डॉ. अमित दत्त यांच्या गटाला दिसलं, की ज्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नाही त्यांचंही पसरणं प्रोजेस्टेरॉननं मंदावतं. मग ते बसतं तरी कुठे?

बघा, जेन्सेनचाच प्रश्न परत आला. विषय निवडताना ‘यावर किती पेपर आलेत’ हे जरूर बघा. पण आधी स्वतःला विचारा, सगळे विचारतायत तोच प्रश्न मी विचारतेय का? मावशीचं औषध अशाच एका वेगळ्या प्रश्नातून आलंय. त्या दिवशी ऐकायला पाचच माणसं होती.