नोकरी सांभाळून लेखाशास्त्राच्या व्यावसायिक परीक्षा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नोकरी करीत असताना लेखाशास्त्राच्या व्यावसायिक परीक्षा देणारा विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना नित्य परिचयाचा आहे. त्याच्या यशापयशाची चर्चा बहुधा चिकाटी, वेळेचे नियोजन आणि बौद्धिक कुवत एवढ्यावरच आटोपते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. विद्यार्थ्याच्या दिवसावर हक्क कोणाचा, हे परीक्षेच्या नियमांनी आधीच ठरविले होते आणि त्यामुळेच बीडसारख्या जिल्ह्यातील नोकरदाराची वाट वेगळी झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुंबईची पदविका आणि उमेदवारी

1913 च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेबतपासनिसासाठी विहित पात्रता आवश्यक केली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले. 1918 मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका, म्हणजेच जी.डी.ए., सुरू केली. परीक्षेच्या जोडीला मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. ही पद्धत इंग्लंडमधून आली. उमेदवाराचा चरितार्थ घरून चालेल, हे तिने न बोलता गृहीत धरले होते.

पुढे 1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था अस्तित्वात आली, पण उमेदवारीचे तत्त्व अबाधित राहिले. आर्टिकलशिप करणाऱ्यास संस्थेच्या परवानगीवाचून अन्यत्र नोकरी करता येत नाही. त्याला विद्यावेतन मिळते; मात्र विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे, हा भेद ज्याच्यावर आईवडील व भावंडे अवलंबून आहेत त्याला समजावून सांगावा लागत नाही. 2023 च्या नव्या योजनेत हा कालावधी दोन वर्षांवर आला, तरी दिवसावरील हक्क बदलला नाही. (या संस्थेचे ब्रीदवाक्य कठोपनिषदातील असून, सारे निजलेले असताना जो जागा असतो त्याचा निर्देश त्यात आहे. नोकरदार परीक्षार्थी त्याचा अर्थ अगदी शब्दशः घेऊ शकेल.) याउलट 1944 मध्ये स्थापन झालेल्या व 1959 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या परिव्यय लेखापालांच्या संस्थेने नोकरीतील अनुभव प्रशिक्षण म्हणून स्वीकारला. परंतु ही वाट प्रामुख्याने कारखानदारीच्या शहरांतील नोकरदारांना सोयीची होती.

बीडची स्थिती

जी.डी.ए. सुरू झाली तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी दफ्तर उर्दूत चाले, रोजकीर्द-खतावणीच्या पिढीजात परंपरेत मोडीचा वावर होता आणि मुंबई सरकारची पदविका ही दुसऱ्या राज्याची गोष्ट होती. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1958 मध्ये औरंगाबादला विद्यापीठ मिळाले. या दरम्यान मुंबईत मात्र निराळा प्रयोग झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. येथे वेळापत्रकच नोकरदारापुढे झुकले. याच सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले व मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार उघडले; तथापि व्यावसायिक लेखापरीक्षणाच्या उमेदवारीचे नियम बदलणे कोणत्याही महाविद्यालयाच्या हाती नव्हते.

सहकाराची वाट

बीड जिल्ह्यातील नोकरदाराला खरी वाट सापडली ती सहकारात. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानंतर सेवा सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखाने व जिल्हा बँक यांचा व्याप वाढत गेला आणि हिशेब तपासणाऱ्यांची निकड भासू लागली. सहकार खात्यामार्फत घेतली जाणारी सहकार व लेखा पदविका, जी जी.डी.सी. अँड ए. या नावाने सर्वश्रुत आहे, तिला उमेदवारीची अट नाही. पतसंस्थेतील लिपिक वा सोसायटीचा सचिव आपली खुर्ची न सोडता तिला बसू शकतो. नावात 1918 च्या पदविकेचा भास होतो, पण प्रकृती अगदी भिन्न. सहकार कायद्यातील प्रमाणित लेखापरीक्षकाच्या व्याख्येत पदवी, ही पदविका व संस्थांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव यांबरोबर मराठीचे व्यावहारिक ज्ञानही अपेक्षित आहे. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहिलेल्या ग्रामीण पदवीधराच्या दृष्टीने ही अट नसून संधीच आहे. हिला दुय्यम पदविका म्हणण्याचा प्रघात आपल्या अध्यापकवर्गातही आढळतो. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचा अधिकार ती देत नाही, हे खरे. परंतु ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याचा पैसा सोसायटीत आणि ठेवीदाराचा पतसंस्थेत असतो, तेथे लेखापरीक्षणाचे पहिले रणांगण कोणते, हे वेगळे सांगावयास नको.

अडचण उरते ती पंचांगाची. ही परीक्षा साधारणतः मे महिन्यात होते. सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. म्हणजे अभ्यासाला जोर द्यावयाच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच वसुली, व्याज आकारणी, ताळेबंद व थकबाकीच्या याद्या टेबलावर येऊन पडतात, आणि मार्चअखेरीस रजेचा अर्ज करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.